बोटाची भाकरी

पप्पा, नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे आणि परवाच्या रविवारी, हंगामाच्या सणाला, तुमच्याविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं आहे. त्यासाठीच आज कमिटीच्या बैठकीला गावाला जाऊन आले. वसमतला घरी परतल्यापासून डोकं इतकं भणाणलं आहे की केलेला चहा तसाच गार झाला. चार शब्द माझ्याकडे आहेत, पण ते माइकवर बोलण्यासारखे नाहीत, म्हणून आधी तुम्हालाच ऐकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, नंतर इतकी वर्षं तुमच्या गोष्टी मुलांना कौतुकानं सांगितल्या. तुमच्याशी भांडायचं मात्र राहूनच गेलं. ते आज भांडते.

तुमचं नाव काढलं की गावाला ते टोपलं आठवतं. हळद निघाली, ज्वारी घरात आली, की आपला हंगामाचा सण. उपासनेच्या आधी तुम्ही चर्चच्या दारात बांबूचं ते मोठं टोपलं घेऊन उभे राहायचात. प्रत्येक घरानं आपल्या भाकरी फडक्यात बांधून आणायच्या आणि त्यात ओतायच्या. मग तुम्ही बाह्या सरसावून दोन्ही हातांनी त्या वरखाली करायचात, कुणाची कोणती ते कुणालाच कळू नये म्हणून. उपासना झाली की सगळी मंडळी एका पंगतीत बसायची आणि हाताला येईल ती भाकरी पानात पडायची. आपल्या मंडळीत दोन गल्ल्यांतली घरं, वरची गल्ली आणि खालची गल्ली, दोन वेगळ्या जातींतून प्रभूकडे आलेली. पूर्वी एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी ही माणसं एका टोपल्यातलं जेवतात, हे बघायला मोठे साहेब लोक गाडी करून यायचे. आमच्यात जात नाही, असं तुम्ही त्यांना ताठ मानेनं सांगायचात. आणि खरंच, तुमच्यासमोर जातीचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. बघा, मी इथंसुद्धा ती नावं लिहिली नाहीत, इतका तुमचा धाक. नाव घ्यायला तुम्ही बंदी केली होती पप्पा, जात पाळायला कधीच केली नाही.

आई खालच्या गल्लीतली. तुम्ही वरच्या गल्लीवाल्यांच्या जातीतले, बाहेरगावाहून आलेले शिकलेले तरुण पाळक, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत तिच्याशी लग्न केलंत. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला दार बंद केलं ते कायमचं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती, तेवढं श्रेय मी तुम्हाला देते, आज रागातही देते. सणाच्या दिवशी आई अंधारात उठून चुलीपुढे बसायची. पाळकाचं घर म्हणून आपल्या भाकरी सगळ्यांत जास्त. पातळ, टम्म फुगलेल्या, कुठंही न करपलेल्या. आणि दर वर्षी संध्याकाळी तुम्ही टोपलं घेऊन घरी यायचात तेव्हा तळाला भाकरी उरलेल्या असायच्या. "प्रभूनं पुरवून उरवलं," असं म्हणायचात. मग दोन-तीन दिवस आपण त्याच खायचो. तुम्ही त्या दुधात कुस्करायचात, वर गूळ, आणि पहिला घास मला भरवायचात. मला ते फार आवडायचं. आई त्या दिवसांत आपल्याबरोबर जेवायला बसायची नाही, मागून खाते म्हणायची. मला वाटायचं, दमली असेल.

नववीत गेले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा पंगतीत वाढायला उभं केलंत. टोपल्यातल्या भाकरी पाटीत घ्यायच्या आणि वाढत जायचं. मंडळीच्या पंचांची बायको, जिला आम्ही सगळी मुलं काकी म्हणायचो, वरच्या गल्लीतली. तिच्या पानात भाकरी टाकायला वाकले तर तिनं माझं मनगट धरलं.

"ती नगं लेकरा. बोटाची दे."

"बोटाची म्हणजे?"

"ही बघ, हिला बोट हाय न्हवं? ही दे," म्हणत तिनं स्वतःच पाटीत हात घालून दुसरी काढून घेतली.

मी बघितलं. तिनं घेतलेल्या भाकरीच्या काठाला अंगठा दाबल्याची खळगी होती. थापून झाली की ओलेपणीच दाबायची, मग भाजली तरी ती मोडत नाही. पाटीतल्या कितीतरी भाकरींना तशी खळगी होती आणि कितींना नव्हती. नसलेल्यांतल्या बऱ्याच आईच्या होत्या, आईची भाकरी मी झोपेतही ओळखली असती. बाकीच्या खालच्या गल्लीच्या. वरच्या गल्लीच्या बायका कुणी बोलून, कुणी नुसत्या डोळ्यानं, बोटाचीच मागत होत्या. खालच्या गल्लीची माणसं पडेल ती खात होती. तुम्ही एवढ्या भक्तिभावानं भाकरी मिसळत होतात आणि बायका पंगतीत बसून त्या निवडत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिथंच मोठ्यानं विचारलं, "काकी, आमच्या आईची भाकरी तुम्हाला काहून चालत नाही?"

तुम्ही लगेच भजन सुरू केलंत.

त्या संध्याकाळी तुम्ही दुधाची वाटी पुढे घेऊन बसला होतात. मी म्हटलं, "पप्पा, या उरलेल्या नाहीत. या टाकलेल्या आहेत." आणि बोटाचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तुम्ही हादराल, वाटी बाजूला साराल, रागानं लाल व्हाल. तुम्ही दाराकडे बघितलंत. बाहेर कुणी ऐकलं का, ते बघितलंत. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला हे नवीन नव्हतं. "मंडळीत फूट पाडू नगंस," तुम्ही म्हणालात. "हळूहळू होईल. प्रभूला सगळं दिसतं, लेकरा. आपण शांत राहावं." आणि वाटीतली भाकरी कुस्करायला लागलात. तुम्ही त्या भाकरी मुकाट्यानं खात होतात, वर्षानुवर्षं, बायकोचा अपमान दुधात भिजवून, आणि तुम्हाला वाटत होतं की आपण खाल्ल्या म्हणजे फिटलं. आई चुलीपाशी पाठमोरी बसून होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हाताला धरून काकीच्या घरी नेलंत. पंगतीत मोठ्या बाईमाणसाला उलटून बोलले म्हणून माफी मागायला लावलीत. मी मागितली. काकी म्हणाली, "जाऊ द्या पाळकबाबा, लेकरू हाय," आणि मंडळीतल्या रीतीनं सलाम करून माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तुम्ही हसून माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. तो हात अजून डोक्यावर आहे असं वाटतं आणि झटकून टाकावासा वाटतो.

पुढच्या हंगामाला पहाटे मी चुलीत तुऱ्हाट्या सारत बसले आहे. आई भाकरी थापते, तव्यावर टाकायच्या आधी थांबते आणि काठाला अंगठा दाबते. मी तिचा हात धरते.

"आई, हे काय करून राहिलीस?"

"खाणारानं खाल्ली म्हंजे झालं."

"पण पप्पांना काय वाटेल?"

"तुझ्या पप्पाला तरी किती साल शिळं खाऊ घालू?" ती म्हणते आणि पुढचा गोळा घेते.

तिनं खालच्या गल्लीतल्या बायकांनाही सांगून ठेवलं होतं. सगळ्यांनी बोट लावलं. फक्त मावशीनं, तिच्या सख्ख्या बहिणीनं, लावलं नाही. त्या दिवशी टोपलं रिकामं झालं, तळाला तेवढ्या मावशीच्या भाकरी राहिल्या. तुम्ही हात वर करून प्रभूची स्तुती केलीत, यंदा बघा किती थोड्या उरल्या म्हणालात. मावशी पंगतीतून उठली. सगळ्यांसमोर टोपल्यात वाकून तिनं आपल्या भाकरी वेचल्या, फडक्यात बांधल्या. "माझ्या मी नेते दाजी," ती म्हणाली, "तुमच्या टोपल्याला भार नगं." ती गेली ती परत मंडळीत आली नाही. आईशीही बोलली नाही. एका गावात राहून आईचं माहेर तुटलं. मावशी चर्चच्या दारातून बाहेर पडत होती तेव्हा तुम्ही पोटतिडिकीनं हाक मारली असती तर ती थांबली असती, मी तिला ओळखत होते. तुम्ही शेवटची प्रार्थना सुरू केलीत.

शास्त्रातला एक भाग तुम्ही किती वेळा शिकवला असेल. प्रभूचा एक मोठा शिष्य परक्या लोकांबरोबर जेवत होता, आणि आपल्या जातीची माणसं आलेली दिसताच हळूच उठून वेगळा बसला. दुसऱ्या शिष्यानं त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा, मुठी वळायच्या. व्यासपीठावर सुनावणारा शिष्य तुम्ही आणि पंगतीतून उठून वेगळा बसणारा शिष्यही तुम्हीच. विश्वास ठेवायला तुम्हाला जमलं, पप्पा, त्यासाठी तुम्ही घरदार सोडलंत. पण त्या विश्वासाच्या जोरावर काकीला एक वाक्य बोलायचं तुमच्यानं झालं नाही. काकीशी भांडण झालं असतं, पंचांनी वर तक्रार केली असती, तुमची बदली झाली असती. बस, एवढंच झालं असतं.

आता आजचं ऐका. तुमच्या मागं ती पद्धत चालूच राहिली. सगळ्यांच्याच भाकरीला बोट, त्यामुळे निवडायचं कारण उरलं नाही. दोन्ही गल्ल्या सुखानं जेवतात. तुमचं हळूहळू झालं म्हणायचं, लबाडीनं का होईना. मीही सणाला जाते, जेवते, घरी येते. मला वाटलं होतं, संपलं ते. पण दोन-तीन वर्षांमागं कळमनुरीकडचं एक जोडपं गावात आलं. हळद शिजवायच्या बॉयलरवर काम करतात. दर रविवारी न चुकता उपासनेला येतात, दोघांचा बाप्तिस्माही झाला. त्यांची जात तिसरीच. आपल्या दोन्ही गल्ल्या तिला आपल्या खालची धरतात.

बैठकीत काकीचा मुलगा बोलत होता, आता तोच पंच आहे. "बाई, यंदा आचारी लावू. पुरी-भाजी, बुंदी. सभागृहाचं उद्घाटन हाय, घरच्या भाकरी आनायची भानगडच नगं."

"पण माझ्या वडिलांची तीच तर आठवण आहे," मी म्हटलं. तेव्हा खालच्या गल्लीतली एक बाई बोलली, आईच्या माहेरच्या घरासमोरची. "मागल्या साली त्या हळदवालीनं बोट लावून आमाला फसवलं बाई. समद्यांनी खाल्लं. मागून कळलं. मला तर मळमळून आलं."

फसवलं म्हणे! त्या बाईच्या सासूनं आईचं ऐकून बोट लावलं होतं, तेव्हा ते फसवणं नव्हतं. मी दोन्ही गल्ल्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आयुष्यभर तुम्हाला जी एकी जमली नाही ती या बाबतीत अगदी पक्की झालेली होती. पंच समजावणीच्या सुरात म्हणाला, "कुनाला तोडून बोलायचं न्हाई आपल्याला. ते बी येतील, जेवतील. पाळकबाबा म्हनायचे तसं, मंडळीत फूट नगं, बस."

"मग सभागृहाला वडिलांचं नाव कशाला देता?" मी म्हटलं. "आचाऱ्याचं द्या." ते हसले. बाई गमतीनं बोलल्या असं त्यांना वाटलं. आचाऱ्याचं ठरलं, विसार द्यायला माणूसही निघाला.

तिथून उठून मी त्या हळदवालीकडे गेले. बॉयलरच्या शेडच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहतात. मला बघून ती धावतच बाहेर आली, हात कोपरापर्यंत पिवळे. "सलाम बाई, या ना." ओळीनं दोन डबे मांडलेले. तिनं एकाचं झाकण उघडून दाखवलं. सणासाठी नवी ज्वारी निवडून, दळून आणून ठेवली होती. भाकरी बंद केल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती मात्र सगळं आपण होऊन सांगायला लागली.

"पह्यल्या साली माझ्या समद्या भाकरी वापस आल्या बाई. मले लई वाईट वाटलं. मंग पाह्यलं, त समद्यायच्या भाकरीले बोट. म्हटलं, आपल्या धर्माची खूण असंल, मले नव्हतं ठावं. मंग मागच्या साली म्याबी लावलं. एकएका भाकरीले, प्रभूचं नाव घेऊन. त एक बी उरली न्हाई!" तिचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. "म्या खुशीनं हे पंचायच्या घरी सांगितलं. तवापासून बायका धड बोलत न्हाईत. बाई, माझं बोट चुकीच्या जागी लागलं का? कुठं लावायचं असते ते तुमी दाखवा ना."

असं म्हणून तिनं पिवळा अंगठा माझ्यापुढे धरला.

पप्पा, माझ्या मनात शब्द तयार होते. बाई, ती धर्माची खूण नाही, ती जातीची खूण आहे. ती लावली की माझ्या आईची भाकरी खाल्ली जायची आणि न लावल्यामुळे तुझी वापस आली. तुझं काही चुकलं नाही, चुकलं ते आमच्या सगळ्यांचं. एवढंच सांगायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभूला सगळं दिसतं. तू शांत राहा." ती समाधानानं "व्हय बाई" म्हणाली. मी जीपमध्ये बसले आणि कुरुंद्याचा रस्ता संपेपर्यंत मला स्वतःची शिसारी येत होती.

उद्या सकाळी मी परत जाणार आहे. तिला खरं सांगणार आहे, तिच्या नवऱ्यासमोर, एकही शब्द न गिळता. ऐकून ती मावशीसारखी निघून गेली तर मी तिला काही म्हणणार नाही, पण हाक मात्र मारेन, आणि ती थांबली नाही तर तिच्या मागं जाईन. थांबली तर रविवारी पहाटे आम्ही दोघी तिच्याच चुलीवर भाकरी करू, बिनबोटाच्या. तुमचं टोपलं माझ्याकडे माळ्यावर आहे. ते काढून पुसून ठेवलं आहे. आचाऱ्याच्या पुऱ्यांच्या शेजारी, नव्या सभागृहात, तुमच्या फोटोखाली ते ठेवणार आहे. माइक हातात आला की टोपल्याची सगळी गोष्ट सांगणार आहे, बोटासकट. काकीच्या मुलाला उठून जायचं असेल तर त्यानं जावं. मग ज्याला खायची त्यानं खावी. उरल्या तर मी घरी आणणार नाही. दुधात कुस्करणार नाही. तिथंच राहू देत, तुमच्यासमोर, सगळ्यांना दिसतील अशा.

हे तुम्हाला पोचायचं नाही, ते मला माहीत आहे. पोचलं असतं तरी वाचता वाचता तुम्ही आधी दाराकडे बघितलं असतं. मग लिहिलं तरी कशाला, तर एक सांगायचं होतं आणि ते सांगायला दुसरं कुणी नाही. तिच्या पुढे उभं राहून मी ते भेकड वाक्य बोलले ना, तेव्हा आवाजसुद्धा हुबेहूब तुमचा निघाला, शेवटी जरा खाली उतरणारा. इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकू आला आणि क्षणभर, पप्पा, मला बरं वाटलं.